दाई, अक्का आणि फॉर्म सी

नेपाळीत थोरल्या भावाला ‘दाई’ म्हणतात. मला ते ठाऊक होतं, सासूबाईंना नव्हतं. जानेवारी २०२५ मधल्या एका संध्याकाळी मी फोनवर सांगत होते, “दाई मोपा विमानतळावर उतरले, तासाभरात पोचतील,” आणि देवघरातून प्रश्न आला, “कोणाचे गं दिवस भरले?”

तासाभराने दाई आले. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्यावर ढाका टोपी, खांद्याला पिशवी आणि काखेत सुतळीने बांधलेला कागदांचा भलामोठा गठ्ठा. मला पाहताच हात जोडून म्हणाले, “बहिनी!” नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. सासूबाईंनी ऐकलं ‘वहिनी’. “ओळख नाही, पाळख नाही, उंबऱ्यावरच वहिनी?” असं पुटपुटल्या, पण चहा मात्र आलं ठेचून घालून केला.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागे एक खोली आहे. दर शनिवारी आम्ही पाचजण तिथे बसतो. कोणाला पंचायतीतून कागद हवा असतो, कोणाची एक-चौदाच्या उताऱ्यावरची (हा गोव्याचा सातबारा) नोंद अडलेली असते, कोणाला रस्त्याच्या बिलाचं कोडं उलगडत नसतं. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, दहा रुपये कसे भरायचे, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कोणाकडे करायचं, एवढंच आमचं काम. पाटी नाही, पगार तर नाहीच. भाऊ आमच्यातले वडीलधारे, सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेले. बेरीज चुकलेली असली की त्यांना म्हणे कागद उलगडायच्या आधीच वास येतो.

करोनाच्या काळात सगळं जग फोनच्या चौकोनात बसलं, तेव्हा आमच्यासारखंच काम करणारी माणसं आम्हाला शेजारच्या देशांत सापडली. नेपाळातल्या एका गावपालिकेत वडा पातळीवर काम करणारे दाई. (वडा म्हणजे वॉर्ड. ‘वडा कार्यालय’ हे पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या खोलीत जो हशा पिकला तो इथे लिहीत नाही.) श्रीलंकेत जाफनाजवळच्या एक शिक्षिका, त्यांना सगळे अक्का म्हणतात. बांगलादेशात खुलन्याला बायकांचा गट चालवणाऱ्या एक आपा. तीन-चार वर्षं आम्ही एकमेकांचे कागद पाहत होतो. शेवटी भाऊ म्हणाले, “एकदा पंगतीला बसू या सगळे.”

खरं सांगायचं तर आमच्या मनात थोडा थोरलेपणाचा भाव होता. गोव्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, सगळ्या देशाचा २००५ मध्ये आला. नेपाळचा २००७, बांगलादेशचा २००९, श्रीलंकेचा २०१६. म्हणजे आम्ही मोठे. मोठ्याने धाकट्यांना घरी बोलवावं, चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात, जेवू घालावं, असं काहीसं.

कागदपत्रांना सप्टेंबरात हात घातला. नेपाळच्या माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे दाईंचा प्रश्न मिटलेला. बाकीच्यांना कॉन्फरन्स व्हिसा हवा आणि तो हवा तर आयोजकांनी गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर कार्यक्रमाची मंजुरी मागायची, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी वेगळी. कार्यक्रम कुठे, कोण येणार, पासपोर्ट नंबर काय, खर्च कोण करणार. आमचा कार्यक्रम म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार दिवस गप्पा. तो त्या रकान्यांत बसवताना मला मांजराला शाळेचा गणवेश घालत असल्यासारखं वाटत होतं.

ओळखीतला प्रत्येकजण तेच सुचवत होता, “टुरिस्ट व्हिसावर बोलव गं. गोव्यात कोण विचारतं?” खरंच कोणी विचारलं नसतं. पण दुसऱ्याच्या कागदातली खोट काढणं हेच ज्यांचं काम, त्यांनी स्वतःचा कागद खोटा करायचा नाही, हे भाऊंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पैशांचंही तसंच. आमच्याकडे परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती असणाऱ्या संस्थांनासुद्धा परदेशी पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच घ्यावा लागतो आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे ठरलं की तिकीट ज्याचं त्याने काढायचं, राहणं-जेवण आमच्याकडे, आणि सीमेपलीकडचा एक रुपयाही आमच्या खात्यात येता कामा नये. दाईंनी आल्यावर घरखर्चासाठी म्हणून पाकीट पुढे केलं, तेव्हा भाऊ विंचू पाहावा तसे मागे सरले. इलामच्या चहाचा डबा मात्र घेतला.

कार्यक्रमाला आम्ही आधी नाव दिलं होतं ‘शेजारी देशांतली लोकशाही आणि आर्थिक सुधारणा: गावपातळीवरचा अनुभव’. आमच्यातल्या एकाने, दिल्लीत वकिली केलेल्या, कागद वाचला आणि पेन्सिलीने ‘लोकशाही’वर गोल काढला. “हे काढा. ‘पंचायत’ लिहा.” मग ‘सुधारणा’वर. “हेही. ‘कामकाज’ लिहा.” शेवटी नाव झालं ‘ग्रामपंचायत कामकाज आणि माहितीचा अधिकार’. तेही खोटं नव्हतं, म्हणून घेतलं.

दुसरी एक गोष्ट मात्र अजून सलते. पहिल्या यादीत आणखी एक नाव होतं, कराचीच्या एका कार्यकर्त्याचं. पाकिस्तानच्या केंद्राचा माहिती अधिकाराचा कायदा २०१७ चा आणि त्यावर हा माणूस फार बारकाईने काम करतो. ते नाव कोणी कापायला सांगितलं नाही. अर्ज भरायच्या आदल्या रात्री आम्हीच कापलं, फाइल अडेल म्हणून. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला त्यांचे परराष्ट्रमंत्री बाणावलीपर्यंत येऊन गेले होते. आमच्या खोलीपर्यंत गटारं मोजणारा एक माणूस येईल, असं मनात आणायचीही आम्हाला हिंमत झाली नाही. त्याला कळवलं तेव्हा त्याने एवढंच लिहिलं, “मी असतो तर मीही हेच केलं असतं.” त्याने बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आपांचं दार दुसऱ्याच कारणाने बंद झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला, भारताची तिथली व्हिसा केंद्रं बंद पडली आणि पुढे उघडली तीही मुख्यतः तातडीच्या वैद्यकीय आणि विद्यार्थ्यांच्या कामापुरती. त्या फोनवर यायच्या ठरल्या.

मंजुरी आली ती कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना. अक्कांचा व्हिसा झाला. आणि त्या चेन्नईला पोचतात न पोचतात तोच लॉजवाल्याचा फोन. परदेशी पाहुणा म्हटल्यावर तेव्हा फॉर्म सी, म्हणजे तो उतरल्याची सरकारला द्यायची खबर, भरावा लागे, त्याचा पासवर्ड पुतण्याकडे, पुतण्या पुण्यात. “बाय, मला ही भानगड नको,” म्हणाला. आगाऊ दिलेले पैसे परत केले, एवढा त्याचा मोठेपणा.

मग अक्का आमच्याच घरी. पण फॉर्म सी कोणाला चुकला आहे? परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरला, त्याने चोवीस तासांत कळवायचं. लॉज काय, आणि आमचं कौलारू घर काय, नियम एकच. रात्री साडेदहाला मी पोर्टलवर नोंदणी करायला बसले. घराचा कागद, विजेचं बिल, पाहुण्यांचा पासपोर्ट, व्हिसाचं पान, फोटो. फोटो जड आहे म्हणून परत येई, हलका केला तर अंधुक आहे म्हणून परत येई. अक्का शेजारी बसून पाहत होत्या. म्हणाल्या, “आमच्याकडे युद्धाच्या काळात घरात कोण कोण झोपतं त्याची यादी द्यावी लागे.” त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. माझे हात मात्र की-बोर्डवर थांबले.

सकाळी पोलीस स्टेशनवर गेले. हवालदार सज्जन होते. “किनाऱ्यावरचे लोक हे डोळे मिटून भरतात. तुमच्या गावातून हा पहिलाच,” म्हणत त्यांनी मला कुठलं बटण राहिलं ते दाखवलं. तेविसाव्या तासाला फॉर्म गेला.

जेवणाबद्दल लिहायला बसले तर हा लेख दुसरीकडेच जाईल. एकच सांगते. सासूबाईंनी शिरवळ्यो केल्या, नारळाच्या गोड रसातल्या. साचा पाहताच अक्का ओरडल्या, “इडिअप्पम!” आणि पदर खोचून साचा दाबायला बसल्या. मग आमसुलं हुंगून म्हणाल्या, हे आमच्या गोरक्याचं भावंड. एकीला तमीळ, दुसरीला मराठी-कोंकणी, मधे एक शब्द सामाईक नाही. सासूबाई त्यांना अक्काच म्हणत होत्या, आपल्याकडेही अक्का असतेच की. चौथ्या दिवशी दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होत्या, एवढं मला हातवाऱ्यांवरून कळलं.

पहिल्या दिवशी भाऊंनी आपल्या कायद्याची ओळख करून दिली. वीस वर्षांचा अनुभव, छान बोलले. मग शब्दांवर गाडी आली. आपण ‘माहिती’ मागतो. नेपाळी कायद्यात ‘सूचनाको हक’. बांगलात ‘तथ्य अधिकार’. दाई हसून म्हणाले, म्हणजे आम्ही सूचना मागतो, आपा तथ्य मागतात, तुम्ही नुसती माहिती. तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आपा म्हणाल्या, “तथ्य मागतो, पण देणारा कुठे आहे?” ढाक्याचा माहिती आयोग सत्तापालटानंतर ठप्पच होता. वीस कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं असं कायदा सांगतो. नाही दिलं तर पुढे जायचं कुठे? आम्ही मान डोलावली, कारण झारखंडचा आयोग मे २०२० पासून बंद पडलेला आम्हाला ठाऊक होता.

तेव्हा अक्कांनी विचारलं, “तुमचे आयुक्त निवडतं कोण?”

भाऊंनी सांगितलं. राज्यात मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री.

“म्हणजे तिघांत दोन सरकारचे.”

“हो.”

श्रीलंकेच्या आयोगात पाचजण. त्यातलं एक नाव वकिलांची संघटना सुचवते, एक संपादक-पत्रकारांच्या संघटना आणि एक नागरी संघटना. मग घटनात्मक परिषदेच्या शिफारशीने राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात. अर्जाला फीसुद्धा नाही. “तुमच्याकडे संस्थांनी कोणाचं नाव पाठवायचं?” अक्कांनी विचारलं. कोणाचंच नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आयुक्तांचा पगार आणि मुदतही केंद्र सरकारच ठरवतं, हे भाऊंनी स्वतःहून सांगितलं; हिशेबनीस माणूस, नावे बाजू लपवायची सवय नाही. आमचा थोरलेपणा तिथेच, चहाच्या आधी, बऱ्यापैकी उतरला.

अक्कांकडे निळी प्लास्टिकची फाइल होती, कडा घासून पांढऱ्या झालेल्या. त्यांच्या कुटुंबाची जमीन पलालीजवळ. १९९० मध्ये गाव उठलं ते उठलंच, मधे सुरक्षा क्षेत्र आलं. ज्या पलाली विमानतळावरून त्या चेन्नईच्या विमानात बसल्या, त्याच्या कुंपणापलीकडे कुठेतरी त्यांच्या आजोबांची विहीर आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कायदा लागू झाला आणि अक्कांनी एका कार्यालयाला एकच प्रश्न विचारला: अमुक नंबरची जमीन कोणत्या तारखेच्या कोणत्या गॅझेटने घेतली? ‘आमची जमीन परत द्या’ असं कुठेच नाही. उत्तर आलं एका ओळीचं, असं गॅझेट या कार्यालयाच्या नोंदीत नाही. मला वाटलं, हात हलवत परत. अक्का म्हणाल्या, “नाही. याच ओळीसाठी अर्ज केला होता. घेतल्याचा कागदच नाही, असं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं.” त्या ओळीला आता त्यांनी लॅमिनेशन केलं आहे.

देशाच्या दिवाळखोरीबद्दलही त्या अशाच बोलल्या, घरच्या हिशेबासारख्या. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलर मंजूर केले, पण त्याबरोबर कारभाराची तपासणीही लावली. भ्रष्टाचार कुठे मुरतो, ठेके कसे दिले जातात, यावर नाणेनिधीचा अहवाल त्याच सप्टेंबरात निघाला. आशियात असा तो पहिला. “आणि आम्ही काय केलं? त्याच सुमाराला तिथल्या संघटनांनी एकत्र बसून आपला वेगळा अहवाल लिहिला. सावकार सरकारला विचारतो, सरकार सावकाराला सांगतं. ज्याच्या ताटातलं गेलं त्याला कोण विचारतं? मग त्याने स्वतःच लिहायचं.” ‘सावकार’ हा शब्द माझा. त्यांनी इंग्रजीत जे म्हटलं त्याला आपल्याकडे दुसरा शब्द नाही.

दाईंचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी उघडला. त्यांच्या वडाच्या योजनांच्या वह्यांच्या झेरॉक्स. त्या दाखवताना त्यांचा आवाज मऊ झाला, त्याला कारण होतं. नेपाळात १९९७ नंतर थेट २०१७ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. माहिती अधिकाराचा कायदा २००७ चा, पण गावात निवडून आलेलं कोणीच नाही, म्हणजे जाब विचारायचा तो कर्मचाऱ्याला. २०१५ च्या संविधानानंतर ७५३ स्थानिक सरकारं झाली. आता वस्तीवरच्या बैठकीपासून योजना सुरू होते, सात पायऱ्या चढत पालिकेच्या सभेपर्यंत जाते, आणि दहा असारपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास, अर्थसंकल्प सभेपुढे यावाच लागतो. लहान कामं उपभोक्ता समिती, म्हणजे काम ज्यांच्यासाठी त्यांचीच समिती, करते, आणि शेवटचं बिल निघण्याआधी लोकांसमोर सार्वजनिक परीक्षण: एवढे पैसे आले, एवढी सिमेंटची पोती, एवढी मजुरी.

“आणि हे सगळं होतं?” भाऊंनी विचारलं.

“कागदावर सगळं होतं,” दाई म्हणाले. “म्हणून तर माप घ्यावं लागतं.”

मग त्यांनी आमच्या वाड्यावरच्या (वाडा म्हणजे इथे वस्ती) गटाराची फाइल मागितली. हे गटार दोन वर्षांपूर्वीचं. नोव्हेंबरात आम्ही त्याच्या मेझरमेंट बुकाची (एमबीची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीची) प्रत मिळवली होती. आकडे जुळत होते, दर बरोबर, सह्या जागच्या जागी, भाऊंनाही वास आला नव्हता. दाईंनी पान पाहिलं. “नापी किताब,” म्हणाले. त्यांच्याकडे एमबीला हेच नाव. “मोजलंत?”

नव्हतं मोजलं. वीस वर्षं कागद मागायला शिकलो, टेप घेऊन गटारात उतरायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला आम्ही वाड्यावर गेलो. दाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, अक्कांच्या हातात वही. वाड्यावरची पोरं मागे, एक कुत्रा पुढे. दर तीस मीटरला दाई खडूने रेघ मारत आणि वाड्यावरच्याच कोणाला तरी म्हणत, तुम्ही आकडा वाचा. हातात टेप आपली असेल तेव्हा आकडा दुसऱ्याने वाचायचा, ही त्यांची रीत. पिंपळापाशी गटार संपलं, एका वळचणीला. मेझरमेंट बुकात एकशे चाळीस मीटर. टेपवर शहाण्णव. समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, “मला पुसलं असतं तर मी सांगितलं असतं, माझ्या दारापर्यंत आलंच नाही ते.”

रविवारी ग्रामसभा होती. जानेवारीतल्या ग्रामसभा त्या वर्षी सगळीकडेच तापलेल्या. नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये घातलेल्या ३९-अ कलमामुळे जमिनीचा झोन अर्जावर बदलून मिळू शकत होता, हरकतीला तीस दिवस, आणि गावोगाव लोक त्यावरच बोलत होते. पाहुण्यांना मागच्या बाकावर बसवायला सरपंचांनी आधी होकार दिला होता. सभा सुरू होताच एकजण उठला, “हे भायले हांगा कित्याक?”

‘भायले’ म्हणजे बाहेरचे; हा शब्द गोव्यात काय काय वाहून आणतो ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. जमिनी घेणारे, बंगले बांधणारे, मतदार यादीत अचानक उगवणारे, सगळे त्या एका शब्दात. सभागृहाने माना वळवल्या. ग्रामसभा गावच्या मतदारांची असते, त्याचा मुद्दा नियमाला धरूनच होता. मला शरम वाटत होती, आणि आमच्या लोकांना नियम पाठ आहे याचा किंचित अभिमानही. सरपंच म्हणाले, “व्हरांड्यार बसूं दी.” दाई आणि अक्का व्हरांड्यात गेले आणि खिडकीच्या गजांतून तीन तास पाहत राहिले. बाहेर भजीवाला होता, तेव्हा त्यांचं आमच्यापेक्षा बरं चाललं होतं.

माझी पाळी आली. मी गटाराचा प्रश्न विचारला, दोन्ही आकडे सांगितले. गलका झाला. पाहून सांगतो, असं उत्तर आलं. टाळ्या पडल्या, मी बसले. झालं काम, असं मला वाटलं.

सभा संपता संपता खिडकीतून “बहिनी, बहिनी” अशी हाक. मी गेले. दाई कुजबुजले, “तुम्ही बोलत होता तेव्हा सचिवांनी पेन खाली ठेवलं होतं. गलका थांबल्यावर उचललं. वहीत आलं नाही ते.”

मी परत गेले. कार्यवृत्ताची वही अजून टेबलावर उघडी होती. झोनचा ठराव होता, कचऱ्याचा होता, दिव्यांचा होता. गटार नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, हे लिहून होईपर्यंत मी हलणार नाही. भाऊ शेजारी येऊन उभे राहिले. मग ती म्हातारी. दोन ओळी लिहिल्या गेल्या, ‘शहाण्णव’ अक्षरी आणि अंकी. कोंकणीतला एक शब्द न कळणाऱ्या माणसाने खिडकीबाहेरून जे पाहिलं, ते आत बसून आमच्या लक्षात आलं नव्हतं. गेल्या किती वर्षांतले माझे किती प्रश्न असे हवेत गेले असतील, याचा हिशेब करायचं मी टाळलं आहे.

जाताना अक्कांनी शिरवळ्योंचा साचा मागितला. सासूबाईंनी जुना दिला, नवा नव्हे. दाईंनी पाच किलो काजू घेतले, आणि मग वजनाचा प्रश्न आला. बॅगेत एक तर काजू, नाही तर गठ्ठा. “कागद तुमच्याकडे राहू देत, झेरॉक्सच आहेत,” म्हणाले. वाचनालयाच्या कपाटात दिवाळी अंकांच्या खाली गठ्ठा गेला.

पावसाआधी, मे महिन्यात, एक दिवस कंत्राटदाराची माणसं आली आणि गुपचूप तीसेक मीटर गटार बांधून गेली. म्हातारीच्या दारापर्यंत आलं. आम्ही या नव्या कामाची वर्क ऑर्डर मागितली, तर असं काम नोंदीत नाही असं लेखी उत्तर आलं. आधी नोंद होती, गटार नव्हतं. आता गटार आहे, नोंद नाही. अक्कांना कळवलं तर म्हणाल्या, उत्तर लॅमिनेट करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ पेटला. आठ तारखेला तरुणांच्या मोर्चावर गोळीबार, नऊला काठमांडूत सिंहदरबाराला, म्हणजे तिथल्या मंत्रालयाला, आग, आणि त्या दोन दिवसांत देशभर कितीतरी सरकारी कार्यालयं जळाली. दाईंचा फोन लागेना. आमच्या ग्रुपवर खुलन्याहून आपा दर दोन तासांनी फक्त प्रश्नचिन्ह टाकत होत्या. पाचव्या दिवशी निरोप आला: घरचे ठीक, मुलगा मोर्चात होता, ठीक आहे. वडा कार्यालय गेलं. वह्या गेल्या. आणि खाली, जरा वेळाने, “बहिनी, ते काजूच्या बदल्यातले कागद आहेत का अजून?”

होते. गणपती होऊन गेलेले, पावसाळा सरत आलेला. गठ्ठ्याची खालची पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती. भाऊंनी ती पोस्टकार्डाच्या कडेने एकेक सोडवली, दोरीला चिमटे लावून वाळवली. वाचनालयात येणारी अकरावीतली मुलगी फोनने फोटो काढत होती, मी क्रमांक लिहीत होते. दोन शनिवार गेले. सगळी पानं पाठवली.

दुसऱ्या दिवशी दाईंचं उत्तर आलं. आभार वगैरे काही नाही. “३७ नंबरचं पान वाचता येत नाही, बहिनी. परत पाठवा.”

मी किल्ली घेऊन वाचनालयात गेले आणि ते पान खिडकीपाशी उजेडात धरलं.